मूत्रपरीक्षेची साक्ष

आजच्या भाषणाचा विषय पंक्तींत जेवतांना काढण्याजोगा नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. देहानें रोज टाकून दिलेल्या ज्या द्रवाचें नांव सभ्य मंडळींत आपण शक्यतों उच्चारीत नाहीं, त्याच्या परीक्षेचा हा इतिहास आहे. नांव घ्यावयास आपण लाजलों तरी या परीक्षेपासून आज एकहि सुशिक्षित कुटुंब सुटलेलें नाहीं. विम्याचा अर्ज असो, शस्त्रक्रिया असो, सुनेचें बाळंतपण असो वा आजोबांचा मधुमेह असो, प्रयोगशाळेची बाटली घरीं येते आणि एकदोन दिवसांत एक छापील कागद हातीं पडतो. त्यावर पंधरावीस ओळी असतात. कांहीं आंकडे जाड ठशांत छापलेले असतात. आणि घरांतील मंडळी तो कागद शाळेच्या गुणपत्रकासारखी वाचूं लागतात. जाड ठसा दिसला कीं नापास, न दिसला कीं पास! पुष्कळ वेळां भय असतें तेथें आपण निश्चिंत राहतों, आणि निश्चिंत राहावें तेथें रात्र जागून काढतों.

मी वैद्य नव्हे, शाळामास्तर आहें. परंतु गुणपत्रक कसें वाचावें व कसें वाचूं नये याचा विचार शाळामास्तराला जन्मभर करावा लागतो. गुणपत्रक मुलाची सगळी बुद्धि सांगत नाहीं. त्याला जे प्रश्न घातले त्यांचींच उत्तरें तें सांगतें. मूत्रपरीक्षेचें नेमकें असेंच आहे. मूत्र हा देहाचा एक साक्षीदार आहे, आणि साक्षीदार विचारलें तेवढेंच बोलतो. या साक्षीदाराला कोणते प्रश्न विचारावे आणि त्याच्या उत्तरांतून किती अर्थ काढावा, हें शिकावयास मनुष्यजातीला दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं. ही हकीकत सांगून मग मी आमच्या शेगांव तालुक्यांतील अगदीं अलीकडच्या एका प्रकरणाकडे येणार आहें. तेथें या साक्षीनें फार मोठें काम केलें.

प्रथम आपल्या पूर्वजांकडे पाहूं. चरक आणि सुश्रुत या दोघांनींहि प्रमेह या रोगाचे वीस प्रकार सांगितले आहेत. कफापासून दहा, पित्तापासून सहा आणि वातापासून चार. चरकाच्या यादींतील नांवें नुसतीं ऐकलीं तरी त्या काळच्या वैद्यांची नजर किती बारीक होती तें ध्यानांत येतें. पाण्यासारखें मूत्र तो उदकमेह, उसाच्या रसासारखें तो इक्षुमेह, ठेवल्यावर दाट होणारें तो सांद्रमेह, वाळूसारखे कण पडणारें तो सिकतामेह. हळदीच्या रंगाचा हारिद्रमेह, मंजिष्ठाच्या रंगाचा मांजिष्ठमेह आणि अखेरीस मधासारखा मधुमेह. सिकतामेह वाचतांना आजच्या डॉक्टराला खडे व स्फटिक आठवतील, हारिद्रमेह वाचतांना कदाचित् कावीळ आठवेल. प्रमेही मनुष्याच्या मूत्राकडे मुंग्या धांवतात, हें निरीक्षणहि चरकसंहितेंत आहे. कांचेची नळी नाहीं, दिवा नाहीं, रसायन नाहीं. मुंगी हीच त्या काळची प्रयोगशाळा! सुश्रुतानें तर आणखी एक पाऊल पुढें टाकून प्रमेही रोग्यांचे दोन वर्ग केले. एक जन्मतःच रोग घेऊन आलेला, तो बहुधा कृश; दुसरा अपथ्यानें रोग ओढवून घेतलेला, तो बहुधा स्थूल. दोघांचे उपचार निरनिराळे असावे, असेंहि त्यानें सांगितलें. मधुमेहाचे आज जे दोन मुख्य प्रकार मानतात, त्यांची ही दूरची चाहूल म्हटली तरी अतिशयोक्ति होणार नाहीं.

या ग्रंथकारांचा मोठेपणा असा कीं, त्यांनीं जें दिसलें, जें मुंगीनें दाखविलें, तें टिपून ठेवलें. पुढील काळांत मात्र साक्षीदाराच्या तोंडीं त्यानें न बोललेले शब्द घालण्याचा मोह सुरू झाला. योगरत्नाकर हा आपल्याकडील वैद्यांच्या नित्य वापरांतील ग्रंथ. त्यांत नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृष्टि आणि आकृति अशा आठ स्थानांची परीक्षा सांगितली आहे, आणि त्यांतील मूत्रपरीक्षेचा प्रमुख भाग म्हणजे तैलबिंदुपरीक्षा होय. पहांटेचें मूत्र पात्रांत घ्यावें व त्यावर तेलाचा एक थेंब अलगद सोडावा. थेंब पसरला तर रोग साध्य, न पसरतां तसाच राहिला तर कष्टसाध्य, तळाशीं गेला तर असाध्य. थेंबाचा आकार सर्पासारखा झाला तर वातदोष, छत्रासारखा झाला तर पित्तदोष, मोत्यासारखा झाला तर कफदोष. येथपर्यंत ठीक. पण पुढें थेंब कोणत्या दिशेला सरकला, पूर्वेला कीं दक्षिणेला, यावरूनहि रोग्याचें भवितव्य सांगितलें आहे. आणि तेथें वैद्यकाची हद्द संपून ज्योतिषाची सुरू होते.

तरीहि या परीक्षेला हंसून मोकळें होणें बरें नव्हे. तेलाचा थेंब पाण्यावर पसरतो कीं गोळा होऊन राहतो, हें त्या द्रवाच्या पृष्ठभागावरील ताणावर अवलंबून असतें, आणि द्रवांत कांहीं द्रव्यें मिसळलीं कीं हा ताण बदलतो. आधुनिक प्रयोगशाळेंत काविळीच्या रोग्यासाठीं एक परीक्षा पुष्कळ वर्षें करीत असत. मूत्रावर गंधकाची बारीक पूड भुरभुरावयाची. निरोगी मूत्रावर ती तरंगत राहते. पित्ताचे क्षार उतरलेले असले कीं ताण कमी होऊन पूड बुडते. हे नांवाच्या स्कॉटिश वैद्यानें ही युक्ति काढली. म्हणजे आपल्या वैद्यांनीं योग्य ठिकाणीं बोट ठेवलें होतें. परंतु एवढ्याशा थेंबाकडून त्यांनीं रोग्याच्या आयुष्याचा सगळा निवाडा मागितला.

युरोपांत याहून निराळें कांहीं नव्हतें. तेथें मध्ययुगांत मूत्राचें काचपात्र हें वैद्याच्या धंद्याचें चिन्हच होऊन बसलें होतें. वीस रंगांचीं चक्राकार कोष्टकें असत. रोगी घरीं अंथरुणावर, आणि नोकर काचपात्र घेऊन वैद्याकडे. रोग्याचें तोंडहि न पाहतां वैद्य पात्र उजेडाकडे धरून त्याचा रोग, त्याचें भविष्य, आणि प्रसंगीं त्याच्या घरच्या गोष्टीहि सांगे. १६३७ सालीं टॉमस ब्रायन या इंग्रज वैद्यानें अशा मूत्रज्योतिष्यांची लबाडी उघडी करणारें पुस्तकच लिहिलें. पुढें १६६९ च्या सुमारास हॅम्बुर्गच्या हेनिंग ब्रांट या किमयागारानें मूत्र आटवून आटवून सोनें काढण्याचा उद्योग आरंभिला. सोनें मिळालें नाहीं. मिळाला तो अंधारांत चमकणारा फॉस्फरस. मूत्रांत खरोखरच कांहीं द्रव्यें आहेत आणि तीं वेगळीं काढतां येतात, ही जाणीव अशा धडपडींतून हळूहळू वाढली, आणि काचपात्राकडे टक लावून पाहण्याचा काळ मावळूं लागला.

१६७४ सालीं टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें मधुमेही रोग्याच्या मूत्राची गोडी मधासाखरेसारखी असते असें लिहिलें. ही गोडी त्यानें जिभेनें ठरविली होती! आपल्याकडे मुंग्यांनीं जें काम केलें, तें तेथें वैद्यांना स्वतः करावें लागलें. शंभर वर्षांनीं, १७७६ सालीं, लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन यानें रोग्याचें मूत्र आटवून मागें उरलेली साखर प्रत्यक्ष दाखविली. त्यानें आणखी एक गोष्ट केली. रोग्याच्या रक्ताचा निवळ भाग चाखून तोहि गोड असल्याचें नमूद केलें. त्यावरून मधुमेह हा मूत्रपिंडाचा रोग नसून सर्व देहाचा रोग आहे, साखर रक्तांत वाढते म्हणून ती मूत्रांत सांडते, हें कळून येण्याचा मार्ग मोकळा झाला.

यानंतरचा मोठा टप्पा लंडनच्या गाय्ज रुग्णालयांत गांठला गेला. रिचर्ड ब्राइट हा तेथील वैद्य. सर्वांगाला सूज आलेल्या रोग्यांचें मूत्र तो चमच्यांत घेई आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर धरी. कांहीं रोग्यांचें मूत्र अंड्याच्या बलकाभोंवतालच्या पांढऱ्या भागाप्रमाणें गोठून येई. अशा रोग्यांच्या मरणोत्तर तपासणींत त्यांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळत. १८२७ सालीं त्यानें हें सर्व प्रसिद्ध केलें. एक चमचा आणि एक मेणबत्ती! वैद्यकाच्या इतिहासांत इतक्या स्वस्त उपकरणांनीं इतका मोठा शोध क्वचितच लागला असेल.

ब्राइटच्या चमच्याचा अर्थ समजावयास मूत्रपिंडाचें काम थोडें समजून घेतलें पाहिजे. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या आहेत. या गाळण्यांतून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो, आणि त्यांतील बहुतेक सगळा पुन्हां रक्तांत परत घेतला जाऊन अवघें दीड लिटर मूत्र बाहेर पडतें. रक्तांतील अल्ब्यूमिन नांवाचें प्रथिन आकारानें मोठें असल्यामुळें चांगल्या गाळणींतून तें खालीं येत नाहीं. गाळणीचें कापड विरलें, कीं तें झिरपूं लागतें. म्हणून मूत्रांत अल्ब्यूमिन सांपडणें म्हणजे फाटलेल्या गाळणीची खूण. ही खूण पुष्कळदां सूज येण्यापूर्वीं, दुखण्यापूर्वीं, रोग्याला कांहीं वाटण्यापूर्वीं दिसते. यांतच तिचें मोल आहे.

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें, म्हणजे ब्राइटच्या ग्रंथानंतर अठराच वर्षांनीं. आणि तेथील पहिल्या पदवीधरांत आपले भाऊ दाजी होते. पाश्चात्य रीतीनें शिकलेले डॉक्टर पुढें जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरले, आणि त्यांच्याबरोबर कांचेची नळी व स्पिरिटचा दिवा हीहि जोडी पसरली. आज साठीच्या पुढें असलेल्या पुष्कळांना आपल्या घरांतील निळ्या औषधाची बाटली आठवत असेल. तें बेनेडिक्टचें द्रावण. अमेरिकेंतील स्टॅन्ली बेनेडिक्ट यानें विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तें सिद्ध केलें. मोरचूद, धुण्याचा सोडा आणि सायट्रेट हीं त्यांतील द्रव्यें. पांच घन सेंटिमीटर द्रावणांत मूत्राचे आठ थेंब टाकून तें उकळावयाचें आणि रंग पाहावयाचा. निळा राहिला तर साखर नाहीं. हिरवा झाला तर थोडी. मग पिवळा, नारिंगी, आणि अखेर विटेसारखा तांबडा झाला तर भरपूर. इन्शुलिन हें औषध १९२२ सालीं प्रथम मनुष्याला दिलें गेलें, आणि तेव्हांपासून कित्येक दशकें त्याची मात्रा या रंगांवरून ठरविण्यांत येत असे.

रसायनाच्या बरोबरीनें सूक्ष्मदर्शक यंत्रानेंहि आपला वांटा उचलला. मूत्र फिरवून त्याचा गाळ कांचेवर घेतला, कीं त्यांत तांबड्या पेशी, पूपेशी, स्फटिक आणि मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार झालेले दंडगोल साचे दिसतात. शेवटच्या या साच्यांची साक्ष फार मोलाची. तांबड्या पेशी मूत्रमार्गांत कोठूनहि येऊं शकतात. पण तांबड्या पेशींचा साचा दिसला तर रक्त खुद्द मूत्रपिंडांतूनच आलें, हें पक्कें होतें. १८८४ सालीं डेन्मार्कच्या ग्राम यानें जंतु रंगविण्याची रीति काढली. पुढच्याच वर्षीं एशेरिश यानें आंतड्यांत राहणाऱ्या जंतूचें वर्णन केलें, आणि हाच जंतु मूत्रमार्गाच्या दाहाचा सर्वांत मोठा अपराधी निघाला.

शेवटची क्रांति १९५६ सालची. अमेरिकेंत एल्खार्ट येथील एम्स कंपनींत आल्फ्रेड फ्री व हेलन फ्री हें संशोधक दांपत्य काम करीत होतें. त्यांच्या प्रयत्नांनीं कागदाची एक पट्टी बाजारांत आली. तिच्या टोकाला असें द्रव्य लावलेलें, कीं मूत्रांत बुडवितांच ग्लुकोज असेल तर रंग बदलावा. उकळणें नको, दिवा नको. पुढें एका पट्टीवर अल्ब्यूमिन, रक्त, पित्त, ॲसिटोन असे अनेक चौकोन आले. आज प्रयोगशाळेच्या कागदावर आपण ज्या ओळी वाचतों, त्यांतील बऱ्याचशा या चौकोनांच्याच असतात. चरकाच्या मुंग्या, विलिसची जीभ आणि ब्राइटचा चमचा हीं तिन्ही आतां बोटभर पट्टींत येऊन बसलीं आहेत.

आतां त्या ओळींचा अर्थ पाहूं. साखर निरंक, हें वाचून मधुमेह नाहीं असें मानणें ही सर्वसाधारण चूक होय. रक्तांतील ग्लुकोज शंभर मिलिलिटरमागें सुमारें १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्यावरच तें बहुधा मूत्रांत उतरतें. धरणाचा दरवाजा तेवढ्या उंचीवर आहे असें समजा. पाणी धोक्याच्या रेषेवर येऊनहि दरवाजाच्या खालींच असेल, तर बाहेर थेंब दिसणार नाहीं. उलट कांहीं माणसांत, आणि गर्भारपणांत, हा दरवाजाच खालच्या पातळीवर असतो. त्यांच्या मूत्रांत साखर दिसते, पण रक्तांत ती वाढलेली नसते. म्हणून मधुमेहाचा निर्णय आज रक्तावरूनच करतात.

अल्ब्यूमिनची ओळ याच्या उलट वाचावी. तेथें एकच अंश दिसला म्हणून मूत्रपिंडें गेलीं असें नाहीं. ताप, भारी व्यायाम किंवा थंडी यांमुळेंहि तें तात्पुरतें दिसतें. पण पुन्हां, शांत वेळीं, सकाळच्या मूत्रांत तें दिसलें, तर मात्र दुर्लक्ष करूं नये. मधुमेही व रक्तदाबाच्या रोग्यांनीं वर्षांतून एकदां तरी अल्ब्यूमिनची सूक्ष्म परीक्षा करून घ्यावी असें वैद्य सांगतात. कारण साध्या पट्टीला न दिसणारी झीजहि तींत कळते, आणि झीज आरंभाची असेल तर ती आंवरतां येते. आमच्याकडे पूर्णेच्या खोऱ्यांत, अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतून पसरलेल्या खारपाणपट्ट्यांत, विहिरीचें पाणी तोंडाला लागतांच खारट लागतें, आणि मूत्रपिंडाच्या विकाराचीं दुखणीं तेथें पुष्कळ घरांच्या परिचयाचीं झालेलीं आहेत. अशा प्रदेशांत तर ब्राइटच्या चमच्याचा हा वारसा गांवोगांव पोंचला पाहिजे. मूत्रपिंड अर्ध्याहून अधिक झिजेपर्यंत मुकाट्यानें काम करीत राहतें; तें बोलूं लागतें तेव्हां फार उशीर झालेला असतो.

रंगावरून घाबरूं नये, तसें बेफिकीरहि राहूं नये. बीट खाल्ल्यावर मूत्र तांबूस होतें. क्षयाच्या रिफॅम्पिसिन या औषधानें तें नारिंगी होतें. पाणी कमी प्यालें कीं गडद होतें. पण न दुखतां रक्त पडलें आणि मग आपोआप थांबलें, तर बरें झालें म्हणून गप्प बसूं नये. वयस्क मनुष्यांत ही मूत्राशयाच्या अर्बुदाची पहिली खूण असूं शकते. नायट्राइटची ओळ जंतूंविषयीं बोलते. मात्र सगळेच जंतु नायट्राइट तयार करीत नाहींत, आणि करणाऱ्यांनाहि मूत्राशयांत कांहीं तास मिळावे लागतात. म्हणून ती ओळ निरंक असली तरी जंतु नाहींत असें सिद्ध होत नाहीं. उलट जंतुसंवर्धनांत जंतु वाढले, पण रोग्याला जळजळ नाहीं, ताप नाहीं, तर गर्भवती स्त्रियांसारखे कांहीं प्रसंग सोडून बहुधा औषधाची गरज नसते. अशा वेळीं विनाकारण घेतलेलीं जंतुनाशक औषधें पुढें खऱ्या प्रसंगीं निकामी ठरतात.

साक्षीदाराला कोर्टांत नेण्यापूर्वींच त्याची साक्ष बिघडूं नये, यासाठीं दोन साध्या गोष्टी आहेत. पहिली धार सोडून मधली धार स्वच्छ बाटलींत घ्यावी. आणि बाटली तासा-दोन तासांत प्रयोगशाळेंत पोंचवावी. तें न जमल्यास थंड जागीं ठेवावी. उन्हाळ्यांत खिडकींत ठेवलेल्या बाटलींत जंतु दुप्पट-चौपट वाढतात, पेशी फुटतात, साखर जंतु खाऊन टाकतात. आणि मग तो कागद रोग्याविषयीं नव्हे, तर त्या बाटलीविषयीं बोलतो.

आतां शेगांवकडे येतों. हें गांव श्रीगजाननमहाराजांच्या समाधीमुळें महाराष्ट्रभर ठाऊक आहे. २०२४ चा डिसेंबर सरतांना आणि २०२५ चा जानेवारी लागतांना या तालुक्यांतील बोंडगांव, कालवड, हिंगणा अशा खेड्यांतून एक विलक्षण बातमी आली. माणसांचें डोकें खाजूं लागे, आणि मग तीनचार दिवसांत केस मुठीमुठीनें हातांत येऊन टक्कल पडे. पुरुषांस, स्त्रियांस, शाळाकॉलेजांतील मुलींसहि. हां हां म्हणतां ही संख्या १८ गांवांतील २७९ माणसांवर गेली. कोणी त्याला टक्कल व्हायरस असें नांव दिलें. संशय प्रथम बुरशीवर गेला, मग पाण्यावर. आणि पाण्यांत क्षार व नायट्रेट अधिक निघाल्यामुळें तो संशय बळावला. पण खारें पाणी या भागांत पिढ्यान् पिढ्या आहे. केस मात्र एकाच हिंवाळ्यांत गेले. इकडे घरोघरीं धास्ती पसरली. तरुण मुलींनीं कॉलेजांत जाणें सोडलें. ठरलेलीं लग्नेंहि मोडल्याचें प्रसिद्ध झालें. सांसर्गिक नसलेल्या दुखण्यानें माणसें वाळींत पडल्यासारखीं झालीं.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचीं पथकें येऊन नमुने घेऊन गेलीं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हेहि स्वतः गांवांत आले. कोंकणांतील विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून ज्यांनीं असंख्य मुलांचे प्राण वांचविले, तेच हे. रोग्यांस ताप, डोकेदुखी, उलट्या, मुंग्या येणें अशीं लक्षणें पूर्वीं होऊन गेलीं होतीं. त्यांवरून आणि केस गळण्याच्या तऱ्हेवरून त्यांनीं एक प्रश्न ठरविला. हा धातुजन्य विषाचा प्रकार तर नव्हे? आणि त्यांनीं रोग्यांचें रक्त, मूत्र व केस या तिन्हींत सेलेनियम शोधावयास लावलें. २०२५ च्या फेब्रुवारींत त्यांनीं निष्कर्ष जाहीर केला. सेलेनियमचें प्रमाण रक्तांत ३५ पट, मूत्रांत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलें होतें. आणि त्याचें मूळ त्यांनीं शिधावाटपाच्या दुकानांतून आलेल्या, पंजाबाकडील गव्हांत दाखविलें. पुढें एप्रिलांत त्याच भागांतील कांहीं माणसांचीं नखेंहि विकृत होऊन गळूं लागलीं. केसांमागून नखें जाणें हें सेलेनियमच्या अतिरेकाचें ओळखीचें लक्षण आहे.

सेलेनियम हें मूलद्रव्य १८१७ सालीं स्वीडनच्या बर्झेलियस यानें शोधलें. देहाला तें लागतें. पण लागतें तें किती अल्प! मोठ्या मनुष्याला दिवसाला सुमारें ५५ मायक्रोग्रॅम पुरे, आणि ४०० च्या पलीकडे जाणें धोक्याचें. कांहीं जमिनींतच तें भरपूर असतें, आणि तेथलें पीक तें शोषून घेतें. पंजाबांतील होशियारपूर व नवांशहर या भागांतील कांहीं जमिनी याविषयीं शास्त्रज्ञांना पूर्वींपासून माहीत आहेत. देहांत अधिक झालेलें सेलेनियम मुख्यतः मूत्रावाटे बाहेर जातें. म्हणून तिन्ही साक्षी एकमेकींस पूरक ठरल्या. रक्तानें आजची स्थिति सांगितली. देह काय बाहेर टाकण्याची धडपड करीत आहे, तें मूत्रानें सांगितलें. आणि केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढत असल्यामुळें त्यांनीं मागील महिन्यांची नोंद दाखविली. तिघांची जबानी जुळली, तेव्हां गोष्ट विश्वासार्ह झाली.

या प्रकरणांत आपण ध्यानांत ठेवण्याजोगें असें कीं, नेहमींच्या पट्टीवर सेलेनियमचा चौकोनच नाहीं. या रोग्यांची साधी मूत्रपरीक्षा शंभर वेळां केली असती, तरी या विषाबद्दल ती एक अक्षरहि बोलली नसती. आणि कागदावर सर्व ठीक असें वाचून आपण त्यांच्या दुखण्याला मनाचा खेळ म्हटलें असतें. त्याच मूत्रांत उत्तर होतें. तें बाहेर आलें तें रोग्यापाशीं बसून, त्याचें डोकें व त्याची थाळी पाहून कोणी नेमका प्रश्न विचारल्यावर. दूरच्या काचपात्रावरून निदान सांगणाऱ्या मूत्रज्योतिष्याची रीति आणि ही रीति यांतील अंतर एवढेंच आहे, आणि तें फार मोठें आहे.

आज यंत्रें इतकीं वाढलीं आहेत कीं, जुन्या मोहाचा पुन्हां धोका आहे. आपण बाटली पाठवितों, कागद येतो, आणि डॉक्टराचें तोंड न पाहतां त्यावरून आपलें भविष्य ठरवूं लागतों. श्रोतेहो, घरीं असा कागद आला तर तो जपून ठेवा, जुन्या कागदांशीं ताडून पाहा, आणि आपल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. ही परीक्षा कोणता प्रश्न विचारण्यासाठीं केली? उत्तर पुन्हां एकदां पडताळून पाहावें काय? आणि हिच्या जोडीला आणखी कोणाची साक्ष हवी, रक्ताची, रक्तदाबाची, कीं आपल्या स्वयंपाकघराची? हे प्रश्न विचारण्यांत संकोच मानूं नका. शेगांव तालुक्यांतील ज्या मुलींनीं त्या हिंवाळ्यांत पदराखालीं डोकें झांकून दिवस काढले, त्यांना हें दुखणें सांसर्गिक नव्हे आणि त्यांत त्यांचा कांहीं दोष नाहीं, असें ठामपणें सांगतां आलें, तें नीट विचारलेल्या एका प्रश्नामुळेंच होय.